पांढरीच्या देवाची मिशी

माझ्या आज्याने घरातले देव नदीत सोडले आणि मी आता लोकांच्या देवघरातली नाणी तपासते. हे वाक्य मी नोकरीच्या मुलाखतीत बोलले होते. समोरचे साहेब लोक हसले नाहीत. पण नोकरी मला मिळाली, आणि ती त्या वाक्यामुळे नाही तर माझ्या मार्कांमुळे मिळाली, हे इथेच सांगून टाकते.

आजा नागपूरला दीक्षा घेऊन गावी परतला तेव्हा बाबा लहान होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आज्याने देवघर रिकामं केलं, सगळे देव एका धोतराच्या फडक्यात बांधले आणि बाबांना खांद्यावर घेऊन नदीवर गेला. बाबांना एवढंच आठवतं, की त्यात घोड्यावर बसलेला एक चांदीचा देव होता, आणि फडकं पाण्यात टाकल्यावर बुडबुडे आले होते. त्याचं दुःख ना त्यांना कधी झालं, ना मला. आज्याने बरोबर केलं. फक्त कधीकधी, कामाची सवय म्हणून, मनात येतं: घोड्यावर बसलेला म्हणजे नेमकं काय होतं ते? पत्र्यावर उठवलेला टाक होता की नाणं?

आमचं ऑफिस नागपुरात सदरला आहे, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. काम असं, की विदर्भातल्या खेड्यापाड्यांत लोकांना शेतात, विहिरीच्या गाळात, घराच्या पायव्यात सापडलेली जुनी नाणी पाहायची, मोजायची, त्यांचे फोटो काढायचे आणि नोंद करायची. आणायची नाहीत. हे आम्हाला प्रत्येक गावात पहिल्यांदा सांगावं लागतं, कारण सरकारी गाडी दिसली की लोकांना वाटतं, नेतात आता. बहुतेक वेळा निघतात ते इंग्रजांचे पैसे, नाहीतर भोसल्यांच्या काळातले तांब्याचे जाड तुकडे. क्वचित सातवाहनांचं शिशाचं नाणं, हत्ती असलेलं. आणि फार क्वचित, कित्येक वर्षांत एखादं, रोमन.

रोमन म्हटलं की लोकांना सोनं आठवतं. मी पाहिलेली रोमन नाणी मात्र चांदीची आहेत, जुन्या स्टीलच्या चवन्नीएवढी, काळी पडलेली, आणि इतकी झिजलेली की अनोळखी माणूस त्यांना बटन समजेल. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचं कापड आणि मणी समुद्रापार जायचे आणि तिकडून ही चांदी यायची. बंदरावरून व्यापाऱ्याच्या कमरेच्या पिशवीत बसून थेट वैनगंगेच्या काठापर्यंत.

झिजलेलं नाणं वाचायचं कसं, हे मला कॉलेजात शिकवलं, पण खरं म्हणजे मी ते वाडीत शिकले. अमरावती रोडवरच्या वाडीत आमची भाड्याची खोली होती आणि बाबा ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवायचे. पोत्यांवर शाईने गावाचं नाव मारलेलं असायचं, तेही अर्धंअधिक पुसलेलं. घरात वाचता येणारी मी एकटी. बाबा मला गोदामात नेऊन उभी करायचे, "हे कुठचं हाय पाह्य बरं." मी बॅटरी समोरून मारायची नाही, बाजूने मारायची. उजेड आडवा पडला की पुसलेलं अक्षर उठून येतं. समोरून उजेड मारणाऱ्याला काहीच दिसत नाही, नुसता उजेड चकाकतो. आजही माझं सगळं काम त्या आडव्या उजेडावर चालतं, फक्त बॅटरी जरा चांगली मिळाली आहे.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी तोंडावर असताना, एका मुलीचा फोन आला. नागपुरात बी.ए.ला होती, आमच्या नाण्यांच्या प्रदर्शनाला येऊन गेली होती. आधी तिने एक फोटो पाठवला. कुंकवाने भरलेली एक चकती, वरच्या बाजूला कडी. काहीच कळत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मॅडम, हा आमच्या घरचा देव आहे," ती म्हणाली. "माझ्या आईले सगळे चोर म्हणून राहिले. खरा देव विकला आन् हा नकली ठेवला म्हणते. तुम्ही येऊन पाहून सांगान का?"

हळूहळू सगळी हकीकत कळली. तिच्या पणज्याच्या बापाला गावाशेजारच्या पांढरीत नांगरताना हे नाणं सापडलं होतं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड. आमच्या धंद्यात पांढरी म्हटलं की कान टवकारतात. नाण्यावर माणसाचं तोंड दिसलं म्हणून त्यांनी सोनाराकडून कडी बसवून घेतली आणि देवघरात ठेवलं. तेव्हापासून तो त्यांच्या भावकीचा पांढरीचा देव. देव राहतो घराण्यातल्या मोठ्या सुनेकडे, आणि दिवाळीच्या पाडव्याला सगळी भावकी तिच्या घरी येऊन पूजा करते. मोठी सून म्हणजे या मुलीची आई. नवरा वारलेला, शेत स्वतः करते. आणि आता तिची लहान जाऊ चारचौघांत म्हणून राहिली होती, की देव बदलला. मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता, जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणून. त्यानंतर ही गोष्ट सुरू झाली. भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाबाजींनी सांगितलं होतं: पाडव्याच्या आधी काय ते समजलं पाहिजे. देव नकली निघाला, तर पूजा उठून लहान जावेच्या घरी जाईल.

ऑफिसातले माझे साहेब म्हणाले, "देवाच्या भानगडीत कशाला पडता? ओळख पटत नाही असं लिहा आणि सोडा." मी म्हटलं, सर, ओळख पटते की नाही ते पाहिल्यावर लिहीन. न पाहता लिहायला पदवी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसने गेले. काटा, मापाची पट्टी, भिंग, बॅटरी, झोळीत पाण्याची बाटली. मुलीची आई फाट्यावर घ्यायला आली होती. बारीक, उंच, पदर कमरेला खोचलेला. मी त्यांना मावशी म्हटलं. चालता चालताच मी स्पष्ट सांगितलं, "मावशी, मी जे दिसेल ते सांगीन. नकली निघालं तर नकलीच सांगीन."

"तं सांग ना," त्या म्हणाल्या, "भेव कोणाले हाय? देव गेला तरी मी जगतो. पण चोट्टी म्हणून नाही जगत."

घरात सगळे जमलेले, सुट्टीत घरी आलेली ती मुलगीही. ओसरीवर बाबाजी बसले होते, हातात काठी. दाराला टेकून लहान जाऊ, गोरीपान, बोलायला कधीची तयार. आसपासच्या चार बाया. मला पाणी दिलं, चहा दिला. आणि मग बाबाजींनी तो प्रश्न विचारला, जो मला प्रत्येक गावात विचारतात.

"मॅडम, आडनाव काय म्हणता?"

मी आडनाव सांगितलं. माझं आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे कोणी पाहिलं नाही, आणि न पाहण्याचाही एक आवाज असतो. मला तो ऐकू येतो, आणि मी तो ऐकून घेते. खाली मान घालत नाही. मी झोळीतून काटा काढला आणि जमिनीवर मांडला.

मावशी आत गेल्या. आंघोळ झालेलीच होती तरी पुन्हा हातपाय धुतले. ताटलीत तांदूळ, तांदळावर देव. त्यांनी तो उचलला आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवला.

"देव असा कोणाच्याही हाती देत असते का बाई?" दारातून लहान जाऊ.

"तपासाले हात लागतच असते वं," मावशी मागे न पाहता म्हणाल्या. "डॉक्टर काय दुरून सुई देते?"

मी ओल्या कापसाने कुंकू टिपलं. खाली चांदी. काळी मात्र नाही, लख्ख, आरशासारखी. समोरच्या बाजूला चेहरा असायचा तिथे नुसता गुळगुळीत फुगवटा होता, कडेने नाक-हनुवटी तेवढी कळत होती, उजवीकडे. बाया पुढे झुकल्या आणि मागे सरल्या. लहान जावेला हेच हवं होतं.

"पाह्य ना मॅडम, आहे का त्याच्यात देव? आमच्या कोठीतला देव पाह्यजा तुम्ही. नाक, डोळा, सगळं. आमचा देव हिकडं पाहते." तिने डावीकडे हात केला. "आन् हिच्यातलं जे काही हाय, ते तिकडं पाहते. देव का मान फिरवते? आन् मिशी? आमच्या देवाले मिशी हाय. हिच्या देवाची मिशी कुठं गेली? न्हाव्याकडं बसवला होता का?"

बाया हसल्या. बाबाजीही हसू दाबत खोकले. मावशी हसल्या नाहीत.

"कोठीतला देव म्हणजे काय?" मी विचारलं.

बाबाजींनी समजावून सांगितलं. त्यांच्या भावकीत भाऊ वेगळा निघाला की तो नव्या घरात धान्याची नवी कोठी बांधतो, बांबूच्या तट्ट्यांची, वरून माती लिंपलेली. माती ओली असतानाच मोठ्याच्या घरून देव आणतात आणि कोठीच्या छातीवर दाबतात. देव मोठ्याकडे परत जातो, ठसा लहान्याकडे राहतो. दिवाळीला कोठी सारवतात, पण ठशाएवढी जागा सोडून. लहान जाऊ सून म्हणून आली त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत वाटणी झाली होती, तेव्हाचा तो ठसा.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. कारण अशा जुन्या पांढऱ्यांच्या खोदकामात मातीच्या चकत्या निघतात, रोमन नाण्यावर दाबून काढलेल्या. ज्यांच्या नशिबी चांदी नव्हती ते मातीत ठसा घेऊन गळ्यात बांधायचे. मी त्या पुस्तकात पाहिल्या होत्या. आणि इथे तेच काम लहान भावाची कोठी करत होती.

पण काम पहिलं. "मला याची मागची बाजू पाहायची आहे," मी म्हटलं आणि नाणं उलटं करायला गेले, तर सगळ्याच एकदम ओरडल्या.

"देवाची पाठ पाहत नसते वं बाई!"

मावशींनी सांगितलं, इतकी वर्षं देव त्यांच्याकडे आहे पण पाठ त्यांनी एकदाही पाहिली नाही. घासतानासुद्धा पाठ फडक्यात धरायची. कधी हातातून पालथा पडला तर डोळे मिटून सरळ करायचा.

मी जरा विचार केला. मग म्हटलं, "तुमचा नियम तुम्हाला. माझ्या आज्याने देव नदीत सोडले. मला कोणाचीच पाठ पाहायला बंदी नाही. तुम्ही डोळे मिटा, मी पाहते."

बाबाजींनी काठी आपटली. "बरोबर बोलते. तिले चालते. मिटा गा डोळे." आणि स्वतः आधी मिटले. ओसरीभर माणसं डोळे मिटून बसली होती, आणि मी एकटी डोळे उघडे ठेवून. इतक्या गावांत फिरले, पण माझ्या आडनावाचा असा उपयोग तिथेच झाला.

बॅटरी आडवी धरली. मागची बाजू पाहिली आणि मला जे कळायचं ते कळलं. ती बाजू जवळजवळ शाबूत होती. कडेने अक्षरं होती, अर्धी गेलेली, पण रोमन. कड भिंगाखाली फिरवून पाहिली: साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला सांधा दिसतो, अंगावर बारीक भोकं दिसतात. इथे काही नव्हतं. नाणं खरं होतं. वजन केलं, माप घेतलं, फोटो काढले आणि सरळ केलं. "उघडा," म्हटलं.

"काय हाय?" मावशींच्या मुलीने विचारलं.

"खरं आहे. दोन हजार वर्षांचं."

मावशींनी श्वास सोडला. पण लहान जाऊ हार मानणारी नव्हती, आणि तिचं बरोबरही होतं. "खरं असन. पण आमचंच हाय का? एक खरं विकून दुसरं खरं नाही आणता येत का?"

हा प्रश्न कोर्टात वकिलाने विचारावा असा होता. मला ती आवडली. मी म्हटलं, "चला, तुमची कोठी दाखवा."

लहान जावेचं घर अंगणापलीकडेच. आता धान्य पोत्यांत राहतं. कोठीत जुने कपडे आणि पोरांची दप्तरं कोंबलेली. पण कोठी कोणी मोडत नाही, देवासाठी. ठशाच्या जागी हळदीकुंकवाचे थर बसलेले. तिने स्वतः ओल्या फडक्याने हळूच पुसलं. मी बॅटरी आडवी धरली आणि देव उठून आला. खरंच सुंदर चेहरा होता. सरळ नाक, डोळा, डोक्यावर पानांचा हार, मानेमागे त्या हाराच्या लोंबत्या दोन फिती. चेहरा डावीकडे. आणि नाकाखालून गालापर्यंत तिरकी, जाड, उठलेली मिशी.

"पाह्यली मिशी?" लहान जाऊ म्हणाली.

"पाहिली," मी म्हटलं. आणि हातातलं नाणं पुन्हा आडव्या उजेडात धरलं. गुळगुळीत फुगवट्यावर मला पाहिजे होतं ते होतं. नाकाखालून गालाकडे गेलेला एक काप. जुन्या काळी चांदी आतपर्यंत खरी आहे की वरून नुसता मुलामा, हे पाहायला छिन्नी मारून पाहायचे, तसला. बाकी सगळं झिजलं, पण काप खोल असतो, तो झिजत नाही. मानेमागच्या दोन फितींची सावलीही अजून होती.

मी तिथेच सांगून टाकलं असतं. सांगून पटवायचं हे शिकलेल्या माणसाचं काम. पण इथे सांगितलेलं पटणार नव्हतं. तिला वाटलं असतं, मॅडम मोठीकडून बोलून राहिली. म्हणून मी लहान जावेलाच म्हटलं, "ताई, थोडी कणीक भिजवा. पुरीला भिजवतो तशी घट्ट. तुमच्याच हाताने, तुमच्याच घरची."

"कणीक कायले?"

"भिजवा तर."

तिने परातीत कणीक मळली. जोरात मळली, राग होता त्यात. तोवर अख्खं घर माणसांनी भरलं, पोरं खिडकीत चढली. मी नाण्याला तेलाचं बोट लावलं आणि मावशींच्या हातात दिलं. "आता कोठीवर दाबला होता तसाच यावर दाबा. तोंड खाली."

मावशींनी कपाळाला लावला, पाठीवर फडकं धरून दाबला, कडीने धरून उचलला.

मी परात उचलून आडवा उजेड टाकला. कणकेत चेहऱ्याच्या जागी नुसता खोलगट खड्डा होता. पण कड स्पष्ट होती: कपाळ, नाक, हनुवटी. तोंड डावीकडे. आणि नाकाखालून गालापर्यंत तिरकी, जाड, उठलेली...

"मिशी आली वं!" एक बाई ओरडली. "आली पाह्य मिशी!"

परात हातोहात फिरली. प्रत्येकीने कणीक पाहिली, मग कोठी पाहिली, मग पुन्हा कणीक. बाबाजींना उठवून आणलं. मग लहान जावेने माझ्या हातातून बॅटरी घेतली, स्वतः आडवी धरली, आणि कोठीजवळ बसून बोटाने अंदाज घेतला: नाकापासून मिशी किती दूर, फिती कशा लोंबतात. सगळं स्वतः ताडून पाहिलं. मी मध्ये बोलले नाही. चांगलं काम करणाऱ्याच्या मध्ये बोलू नये.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तिकडं पाहणारा दाबला का हिकडं पाहते."

"हो. आणि जे खोल असते ते उठून येते. तुमच्या देवाला मिशी नाही ताई, त्याच्या गालावर वार आहे. मातीत तो वार मिशी झाला."

"आन् मी रोज त्या मिशीले कुंकू लावतो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा ती हसली. इतकी वर्षं ती रोज ठसा पाहत होती आणि तिची जाऊ रोज नाणं. दोन्ही एका जागी ठेवून कोणीच पाहिलं नव्हतं. पाडव्यालाही देव कुंकवाखालीच असायचा.

बाबाजींनी काठी आपटली. "देव तोच हाय. पाडवा मोठीच्याच घरी होईन. झालं?"

कोणी नाही म्हटलं नाही. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. उलट त्यांनीच तो प्रश्न विचारला, जो बाकी कोणाला सुचला नव्हता.

"मंग कोठीत हाय ते तोंड कुठं गेलं? माह्या देवाचं तोंड काहून नाही?"

मला उत्तर माहीत होतं. ते गोड नव्हतं. मी विचारलं, "मावशी, देव कशाने घासता?"

"चिंचेनं. मंग राखेनं. पाडव्याले आणिक विटेची भुकटी. असा चकचक करतो ना मी, कोणी केला नसन." त्या अभिमानाने सांगत होत्या, आणि सांगता सांगताच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. जमलेल्या सगळ्यांनीच त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्या सासूने घासला, तुम्ही घासला," मी म्हटलं. "चांदी मऊ असते. दरवर्षी थोडं थोडं गेलं. जे उंच होतं ते पहिले गेलं."

इथे लहान जावेला बोलायला मोकळं रान होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती परातीकडे पाहत होती.

मावशींनी नाणं हातात घेऊन बराच वेळ अंगठ्याने चाचपलं. मग मान वर केली. "घासलं ना मी," त्या म्हणाल्या. "चोरलं तं नाही."

"नाही," मी म्हटलं. "चोरलं नाही."

"आता काय करू? पाडव्याले पारोसा ठेवू का देवाले?"

मी सांगितलं, नुसतं पाणी, आणि मऊ फडक्याने टिपायचं. चिंच नको, राख नको, वीट तर अजिबात नको. काळा पडला तर पडू द्यायचा. "काळा देव तं पंढरपूरलेही हाय," बाबाजी म्हणाले, आणि तो विषय मिटला.

नोंद मी तिथेच लिहिली. धातू चांदी, वर कडी जोडलेली, समोर पुरुषाचा चेहरा उजवीकडे, गालावर जुना काप. कोठीवरच्या ठशाचीही वेगळी नोंद केली, कारण नाण्याने गमावलेला चेहरा आता फक्त तिथे आहे. कोठी मोडायची नाही, असं लहान जावेला बजावलं. "मोडतो कशाले," ती म्हणाली. "आता तं तोंडवाला देव माह्याचकडं हाय." मावशींकडे पाहून म्हणाली, जरा मोठ्यानेच. मावशींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

निघताना परात तशीच पडलेली. देव उमटलेली कणीक ना फेकता येत, ना तिची पोळी करता येत. लहान जावेने परात उचलली आणि मावशींना विचारलं, "बाई, हे काय करू? दोघीच्या गाईले अर्धं अर्धं घालू?"

"तुह्याच गाईले घाल वं," मावशी म्हणाल्या. "मिशीवाला तुह्या घरचा हाय."

त्यांच्यातला समेट एवढाच. त्यापेक्षा जास्त मला दिसला नाही, आणि मी त्यापेक्षा जास्त झाला असं लिहिणारही नाही.

मावशी फाट्यापर्यंत सोडायला आल्या. बस यायला वेळ होता. दोघी पुलाच्या कठड्यावर बसलो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, पाठीवर काय हाय वं त्याच्या?"

"पाठ पाहत नाहीत ना तुम्ही?"

"पाहत नाही. आयकतो."

मी सांगितलं. "बाई आहे, मावशी. खुर्चीवर बसलेली. एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात झाडाची फांदी. चांगली स्पष्ट आहे. तुम्ही फडक्यात धरून घासलं म्हणून वाचली ती."

मावशींनी समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे त्यांचं वावर होतं, तुरीला फूल आलेलं.

"बसली हाय म्हणतं?"

"हो. पाठ टेकून."

"बसू दे," त्या म्हणाल्या. "कोणी घासलं नाही तिले, हे चांगलं झालं." आणि पदर खोचत उठल्या, कारण माझी बस येऊन राहिली होती.